प्रत्येकीचं नाव वेगळं

"परत वाच," गीताबाई म्हणाल्या आणि हातातलं सीताफळ अंगठ्यानं दाबून पाहिलं. फळ अजून टणक होतं. ते त्यांनी डावीकडच्या टोपलीत टाकलं आणि दुसरं उचललं.

विजयमालेनं पुस्तक जरा वर धरलं. "ईच ऑफ द विमेन हॅज ब्रॉट... पुढं रिकामी जागा. हर का देअर, ते भरायचं. म्हणजे बायांपैकी प्रत्येकीनं डबा आणला. तिचा म्हणायचं का त्यांचा?"

"बाया किती हायत?"

"असतील पाच-पन्नास."

"मग त्यांचा. ह्यात काय परीक्षा घ्यायची?"

"चुकलं." नात हसली. "हर. तिचा. प्रत्येकी म्हणलं की एकच बाई धरायची. पन्नास असू द्या न्हाईतर पाचशे. एकेकीला येगळं मोजायचं."

गीताबाईंना हे काही पटलं नाही. गेले चार दिवस त्या नातीच्या अभ्यासाला अशाच बसत होत्या. स्वतः दुसरी पास, तीही धरून-बांधून. पण भरतीच्या परीक्षेला बसलेल्या नातीला प्रश्न विचारायचा हक्क त्यांना कुणाकडून घ्यावा लागत नव्हता.

"आन तुझ्या आज्याला काय म्हणायचं विंग्रजीत? धुळाजी मुकादमाला?"

"ही."

"आन ते ज्याला शिव्या घालायचे त्या डायवरला?"

"त्यालाबी ही."

"वा! आन कलेक्टरला?"

"ही."

"अन् कलेक्टरच्या शिपायालाबी ही! मानपानाचा पत्ताच न्हाई की मेल्यांना. आपुन 'ते' म्हणतो तसं काय न्हाई का?"

"'दे' हाय. पण दे म्हणजे लई जण, मोठ्याई. एकट्या माणसाला न्हाई चालत. परीक्षेत आमी हीच चूक करतो. वडलांना दे लिहितो अन् मार्क जातो."

"बापाचा मान ठिवला म्हणून मार्क जातो!" गीताबाईंनी टोपली पायानं सरकवली. "आमच्यात तर समदंच उलटं हाय बग. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसं, चार हात, मोजायला एक. मग कोयत्याला काय म्हणायचं? ही का शी का दे?"

विजयमालेनं पान उलटलं. "पुस्तकात कोयता न्हाई," ती म्हणाली, आणि पदरानं गळ्याचा घाम टिपला. आश्विनाचं ऊन काही एवढं कडक नव्हतं.

धारूरच्या डोंगराखालच्या त्या वाडीत गीताबाईंचं घर मुकादमाचं. दिवाळी झाली की वाडीतली माणसं ऊस तोडायला कर्नाटकात नाहीतर कोल्हापूरकडं जायची, आणि टोळी न्यायची ती ह्या घरानं. धुळाजींनी आधी स्वतः कोयता चालवला, बायकोसंगट दहा हंगाम मोळ्या वाहिल्या, मग मुकादम झाले. ते गेल्यावर टोळी गीताबाईंच्या मुलाकडं, रामेश्वरकडं आली. म्हणजे लोक रामेश्वरला विचारायचे आणि रामेश्वर आईला विचारायचा. त्यांना घरात कुणी 'तू' म्हणत नव्हतं आणि त्या स्वतःला 'मी' म्हणत नव्हत्या. आमी ठरवलं. आमी सांगितलं. विजयमाला रामेश्वरची थोरली. बारावी झालेली वाडीतली पहिली पोरगी. तिचं लग्न ठरलं तेव्हा गीताबाईंनी साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं व्याह्यांना बजावलं होतं, "पोरगी कोयत्याला हात लावणार न्हाई. कबूल असंल तर अक्षता टाका." अक्षता पडल्या. पोरगी युसूफ वडगावला नांदायला गेली. दोन लेकरं झाली. दोन वर्षांमागं नातजावई परमेश्वर कर्नाटकातल्या एका साखर कारखान्यात नोकरीला लागल्याचं कळलं, आणि गीताबाईंनी वाडीत घरोघरी पेढे पाठवले. विजयमालाही हंगामाचे पाच महिने तिकडंच राहायची. कारखान्याची खोली होती म्हणे.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला.

"आली वाटतं तुमची डॉक्टरीण," विजयमाला म्हणाली आणि उठली. उठताना तिनं एक हात जमिनीला टेकला, दुसरा कमरेवर ठेवला.

"चोवीस वर्षांची घोडी अन् आमच्यापरीस उशिरा उठायलीस. अभ्यास करून कंबर धरती का कुणाची?"

"बसून बसून धरती," विजयमाला म्हणाली.

डॉक्टरीणबाई बंगळूरकडच्या होत्या. ऊसतोडीच्या बायकांच्या तब्येतीची पाहणी करत हिंडत होत्या. सरपंचानं सांगितलं म्हणून गीताबाईंनी होकार दिला होता, पण सभा भरवली ती आपल्याच शेडमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीशेजारी. टोळीबद्दल कोण काय बोलतं ते आपल्या कानावर पडलेलं बरं. मराठी येणारी त्यांची मदतनीस ऐन वेळी तापानं पडली, तेव्हा गीताबाईंनीच नातीला पुढं केलं. "आमची नात सांगंल तुमच्या भाषेत. तिला फाडफाड येतं."

ताडपत्रीवर चौदा बायका बसल्या. गीताबाई लाल खुर्चीवर. मांडीवर उरलेली चार सीताफळं, कारण रिकाम्या हातानं बसणं त्यांना माहीत नव्हतं. विजयमाला स्टुलावर, गुडघ्यावर कागदांचा गठ्ठा घेऊन.

"टोळीत किती माणसं, विचारायल्यात."

"सोळा कोयते," गीताबाई म्हणाल्या.

विजयमालेनं इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी काहीतरी विचारलं. विजयमालेनं सोळा आणि सोळा बत्तीस असं कागदावर लिहून दाखवलं.

"दिवसाला किती तास काम?"

"दहा-बारा," गीताबाई म्हणाल्या.

"पहाटं किती वाजता उठता?"

"तीनला. आन सैपाक त्याच्या आधी. लिही."

डॉक्टरीणबाई हसून विजयमालेच्या कानाशी वाकल्या. विजयमाला म्हणाली, "मोठ्याई, त्या म्हणायल्यात, बायांनाच बोलू द्या. प्रत्येकीनं आपापलं सांगायचं."

"कळतंय आमाला. ईच ऑफ द इमेन."

सारी ताडपत्री हसली. डॉक्टरीणबाईंनी तर टाळी वाजवली. गीताबाईंनी सीताफळ दाबून पाहिल्यासारखं केलं, पण त्यांच्या नाकपुड्या जरा फुलल्या.

मग बायका बोलायला लागल्या. आधी बिचकत, मग एकीचं दुसरी उचलत. मोळी केवढी, खाडा झाला तर काय, पाळीच्या दिवसांत पाणी कुठून आणायचं. खाडा म्हणजे कामाला न गेलेला दिवस, आणि त्याची भरपाई नवरा-बायको दोघांच्या वाट्याची, कारण कोयता एक. विजयमाला ऐकायची, सांगायची, लिहायची. मधूनच ती थांबायची आणि बाईनं अर्धवट सोडलेलं वाक्य स्वतःच पुरं करायची. फडात राहायला पाचटाची कोपी कशी उभी करतात, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना पाय कसा तिरका टाकावा लागतो. पोरीला बरंच ठाऊक आहे, गीताबाईंच्या मनात आलं. मुकादमाच्या घरची. ऐकून ऐकून.

पुढचा प्रश्न विजयमालेनं एकदा मनात वाचला. मग मोठ्यानं सांगितला. "ज्यांची गर्भाची पिशवी काढून टाकल्याय त्यांनी हात वर करा."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. पहिला हात वर गेला तो सुभद्राबाईचा. टोळीत सगळ्यांत जुनी, जिभेची तिखट. मग एकेक करत नऊ.

"मुकादमीणबायचाबी धरा की," सुभद्राबाई म्हणाली. "त्यांची तर आमच्या आधी."

"आमचा नको. आमी तोडणीला जात न्हाई आता. पर हे मात्र लिही, विजे. आमची काढून तीस वर्षं झाली. मेलोत का? आजबी धान्याचं पोतं उचलतो. ह्या नऊजणी बग. एकीला काय झालंय का? महिन्याची कटकट गेली, खाडा गेला. उगं कोणी शहरातून येतंय अन् भ्या घालतंय."

विजयमालेनं ते सांगितलं की नाही, गीताबाईंना कळलं नाही. पेनाच्या टोकानं ती वर गेलेले हात मोजत होती. मोजून झालं. तिनं कागदावर आकडा लिहिला. मग पेन कागदांवर आडवं ठेवलं, सुरकुती काढावी तसा कागद हातानं सारखा केला, आणि उजवा हात वर केला. शाळेत बाईंनी प्रश्न विचारल्यावर करत असे तसा. कोपर डाव्या तळव्यावर टेकवून.

गीताबाईंना वाटलं, घरातून चहा मागवतेय.

"चहा अजून टाकला नसंल. हात खाली घे."

हात खाली आला नाही.

"विजे, तुला न्हाई इचारलं. बायास्नी इचारलंय."

"मलाबी इचारलंय, मोठ्याई."

शेडच्या पत्र्यावर कावळा उतरला, त्याच्या नखांचा आवाज झाला. गीताबाईंनी तो ऐकला.  डॉक्टरीणबाई विजयमालेच्या हाताकडं पाहत होत्या. त्या हाताकडं गीताबाईंनीही पाहिलं, आणि पाहिलं म्हणजे आज पहिल्यांदाच पाहिलं. करंगळीच्या मुळाशी आणि अंगठ्याच्या बेचक्यात जाड पिवळट घट्टे. असे घट्टे पेन धरून पडत नाहीत. असे घट्टे त्यांच्या स्वतःच्या हातावर अजून होते, वीस-पंचवीस वर्षं कोयता न धरूनही.

"परमेश्वर नोकरीला हाय," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते त्यांनाच कळलं नाही. "कारखान्यात. आमी पेढे वाटले."

 नऊ हात केव्हाच खाली आले होते.

"सुभद्रे?"

सुभद्राबाई ताडपत्रीची शिवण उसवत होती. "आमी बगितलंतं तिला, मुकादमीणबाय. दोन साल झालं. आमच्या फडाच्या पल्याड दुसऱ्या मुकादमाची टोळी होती. तिच्या डोक्यावर मोळी होती. तिनं आमाला हात जोडले, वाडीत सांगू नका म्हणून."

"आमी म्हणजे कोण? किती जणांनी बगितलं?"

"सगळ्यांनी." सुभद्राबाईचा आवाज खाली गेला. "पर तुमाला कोण सांगणार?"

सोळा कोयते. बत्तीस माणसं. पेढे खाल्ले होते सगळ्यांनी. गीताबाईंच्या मांडीवरून एक सीताफळ घरंगळलं आणि ताडपत्रीवर जाऊन पडलं. कुणी उचललं नाही.

डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात काहीतरी विचारलं. विजयमालेनं मान हलवली. मग ती मराठीतच बोलली, आज्जीकडं न बघता, ज्या सुरात सकाळी पुस्तक वाचत होती त्याच सुरात.

"गेल्या हंगामात. अंगावरून जायचं. कंबर उचलायची न्हाई. तिथल्याच गावात दवाखाना होता. डॉक्टर म्हणला, पिशवी खराब झाल्याय, ठिवली तर पुढं अवघड हाय. हे म्हणले, तू बग. अर्ध्या तासात मी हो म्हणलं. पंधरा दिवसांनी परत फडात."

"पंधरा दिवसांनी," गीताबाई पुटपुटल्या. मग एकदम त्यांना त्यांचा आवाज सापडला, नेहमीचा, शेडभर वाजणारा. "आन आमाला फोन कावून न्हाई केला गं? मुडदा बसविला त्या डॉक्टरचा! तुझं वय काय तवा, तेवीस! तेवीस वर्षांच्या बाईची कोण पिशवी काढतं? मेलो होतो का आमी? एक फोन! आमच्या पोरीला हात लावायचा म्हणलं तर..."

"केला असता," विजयमाला म्हणाली. आता तिनं आज्जीकडं पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. परीक्षेतलं उत्तर खरंच ठाऊक नसल्यासारखं ती विचारत होती. "केला असता, तर तुमी काय सांगितलं असतं?"

गीताबाईंचं तोंड उघडं होतं, आणि उत्तर त्यात आलेलंच होतं. शोधावं लागलं नाही. वर्षानुवर्षं ते जिभेवर तयार होतं. ह्याच शेडात, ह्याच खुर्चीवरून, टोळी निघायच्या आधी दर साली कुठल्या ना कुठल्या पोरीला सांगितलेलं. दोन लेकरं झाली न्हवं? मग काय पूजा घालायचीय का पिशवीची? काढून टाक. खाडा होत न्हाई. आमच्याकडं बग. आणि तेव्हा पायाशी ही बसलेली असायची, फ्रॉकमध्ये, पाटीवर बाराखडी गिरवत.

मांडीवरचं दुसरं सीताफळ त्यांच्या हातात होतं. ते फुटलं. पांढरा गर आणि काळ्या बिया बोटांमधून लुगड्यावर आल्या. ते त्यांनी पुसलं नाही.

डॉक्टरीणबाई थांबल्या. पाणी मागवलं. विजयमाला पाणी प्यायली आणि म्हणाली, "न्हाई, पुरं करू. एकच प्रश्न राहिलाय." तिनं पेन उचललं. "ऑपरेशन कराय कुणी सांगितलं? डॉक्टर सोडून."

बायका आता कुणीच कुणाकडं बघत नव्हत्या.

"लोकं म्हणत्यात," एक म्हणाली.

"सगळ्याच करत्यात की," दुसरी.

"असं काय कुणी एकानं न्हाई सांगितलं," सुभद्राबाई म्हणाली आणि खुर्चीच्या पायांकडं पाहत राहिली. "बोलत्यात लोकं. कानावर येतं."

विजयमाला लिहीत गेली. डॉक्टरीणबाईंना सांगत गेली. दरवेळी तिच्या तोंडून तोच शब्द निघत होता, दे. दे से. दे टोल्ड. मग तिनं स्वतःचा रकाना घेतला, आणि स्वतःच्याच तोंडानं स्वतःबद्दल सांगितलं, तेच. दे.

"थांब," गीताबाई म्हणाल्या.

विजयमालेचं पेन थांबलं.

"काय लिहिलंस?"

"लोकांनी सांगितलं, असं."

"लोकं म्हणजे किती?"

"मोठ्याई, राहू द्या. कागदच हाय."

"किती लोकं, ते इचारलं."

 ताडपत्रीवरच्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. गीताबाईंनी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि उठल्या. उठायला वेळ लागला. खुर्चीवरून ताडपत्रीपर्यंतचं अंतर दोन पावलांचं, पण चौदा बायकांनी सरकून जागा केली ती गाडीत सामान भरताना करतात तेवढी. सुभद्राबाईच्या शेजारी, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून, मुकादमाची बायको जमिनीवर बसली. त्या टोळीनं तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. ज्यांनी पाहिलं असेल ती माणसं आता नव्हती.

"खोड ते," त्या म्हणाल्या.

"मोठ्याई..."

"खोड म्हणलं ना. लोकं न्हाईत. एक बाई हाय. लिही. गीताबाई धुळाजी तिडके. वय सदुसष्ट. मी सांगितलं."

विजयमालेचा हात कागदावर होता, पण पेन चालत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्याला हात लावून काय झालं ते विचारलं. विजयमालेनं सांगितलं. फार थोड्या शब्दांत सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी गीताबाईंकडं पाहिलं, चष्मा काढला, परत लावला, आणि अगदी हळू, एक छोटा प्रश्न विचारला.

"त्या विचारायल्यात," विजयमाला म्हणाली, "किती जणींना?"

गीताबाईंनी चिकट बोटं लुगड्याला पुसली. शेजारी पाहिलं.

"सुभद्रे, तुझ्यापास्नं धरू. तुला मी इथंच सांगितलंतं. तुझी धाकटी रांगत होती."

"जाऊ द्या की मुकादमीणबाय," सुभद्राबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आमाला काय अक्कल नव्हती का?"

"तुझी अक्कल तू सांग. मी माझं सांगायले." त्या नातीकडं वळल्या. "लिही, सुभद्राबाई. तिच्याखाली दुसरी. एका वळीत दोन कोंबू नको. प्रत्येकीचं नाव येगळं लिही."

आणि त्या सांगायला लागल्या. समोर बसलेल्या नऊजणी. मग आज न आलेल्या. मग वाडी सोडून गेलेल्या, धारूरला भाजी विकणारी एक, सिरसाळ्याला लेकीकडं राहणारी एक. मग ज्या आता नव्हत्या त्या. नाव सांगायच्या, क्षणभर थांबायच्या, तिला तेव्हा किती लेकरं होती ते आठवायच्या, ते सांगायच्या, मग पुढचं नाव. एखादीचं आडनाव सुचत नव्हतं तेव्हा ताडपत्रीवरून कुणीतरी हळूच सांगायचं. चहा आला. कपांवर साय धरली. विजयमालेनं एक पान भरवलं, ते उलटलं, दुसरं घेतलं.

दुसऱ्या पानाच्या अर्ध्यावर गीताबाई थांबल्या. ओठ हलले. पुन्हा हलले. नातीच्या घट्टे पडलेल्या हाताकडं त्या बघत राहिल्या.

शेवटचं नाव त्यांना सांगावं लागलं नाही. विजयमालेनं ते लिहायला घेतलं होतं.